बाटल्या-बरण्यांचा मांडव : प्रकल्प नोंदी, सोलापूर, जानेवारी-फेब्रुवारी २०२५

१९ जानेवारी, रविवार

जागा अक्कलकोट रोडवरचं लॉन. लग्न १६ फेब्रुवारीला, गोरज मुहूर्तावर. त्यानंतर तिथंच स्वागत समारंभ आणि जेवण. गोल टेबलं २४, बाकी सगळं उभ्याचं. मागणी एकच: सजावट जुन्या काचेची हवी, प्लास्टिकची फुलं आणि थर्माकोल नको.

आज जागा मोजून काच कुठं लावायची ते ठरवलं. प्रवेशाच्या कमानीला ६० टांगत्या बाटल्या. टेबलांवर प्रत्येकी तीन नग (दोन पारदर्शक बाटल्या, एक दिव्याची बरणी), म्हणजे ७२. पार्किंगपासून मांडवापर्यंतच्या वाटेवर दिव्याच्या २४ बरण्या. रुखवताच्या टेबलावर १८ बरण्या. स्वागताच्या स्टेजमागच्या फळ्यांवर ५६ नग. एकूण २३०.

काच कुठं लावायची नाही, हेही आजच लिहून ठेवलं. होम, सप्तपदी आणि अंतरपाटाच्या जागेपासून १२ फुटांत एकही काच नाही. तिथं सगळे अनवाणी असतात आणि गवतात पडलेला काचेचा कण रात्री दिसत नाही. विधीच्या मांडवात तांब्या-पितळेचे कलश आणि झेंडू एवढंच.

कमानीबद्दल घरच्यांची पहिली कल्पना अशी की पाहुण्यांनी टांगत्या बाटल्यांच्या खालून आत यावं. ती बदलायला सांगितली. कमान २४ फूट रुंद आहे. मधले ८ फूट पूर्ण मोकळे राहतील आणि दोन्ही बाजूंच्या ८-८ फुटांत बाटल्या. एक तर डोक्यावर काच नको. दुसरं, नवरदेव घोड्यावरून आला तर फेट्याचा तुरा दहा फुटांच्या आसपास जातो. बाटल्यांच्या बरोबर खाली कुंड्यांची रांग ठेवायची, म्हणजे खालून कुणी जाणारच नाही.

२१ जानेवारी, मंगळवार

गड्ड्याच्या जत्रेची गर्दी ओसरली आहे, भंगारवाले पुन्हा माल द्यायच्या तयारीत. दोन भंगारवाले, मंगळवारच्या बाजारातली जुन्या सामानाची पथारी, बंद पडलेलं एक सोड्याचं दुकान आणि दोन जुनी किराणा दुकानं एवढं फिरून ३१२ नग जमले:

तपकिरी ६५० मिलीच्या बाटल्या ८०
सरबताच्या आणि इतर पारदर्शक बाटल्या ६०
गोटी सोड्याच्या बाटल्या ३४
किराणा दुकानातल्या गोळ्या-बिस्किटांच्या मोठ्या बरण्या ४६
लहान बरण्या (मध, लोणचं, माल्टच्या पावडरीच्या) ७०
औषधाच्या बाटल्या आणि शाईच्या दौती २२

काच किती जुनी ते बघताना पहिल्यांदा जोडाची रेघ बघायची. साच्याच्या दोन भागांमधली ही उभी रेघ बाटलीच्या अंगावर बोटाला लागते. ती गळ्यावरच संपत असेल आणि तोंडाची कड गुळगुळीत असेल, तर कड हातानं नंतर बसवलेली आहे. रेघ थेट कडेवरून वर गेली असेल तर बाटली पूर्ण यंत्रावरची. बाटल्यांचं पूर्ण स्वयंचलित यंत्र अमेरिकेत ओवेन्सनं १९०३ च्या सुमारास आणलं, त्यामुळे हातानं कड बसवलेली बाटली सहसा त्याआधीची किंवा त्याच्या आगेमागेची. आज अशा फक्त तीन मिळाल्या, तिन्ही औषधाच्या. काचेत अडकलेले बुडबुडे आणि थोडा तिरका तळ हीदेखील चांगली खूण. पण जुनेपणावर भाळून टवका उडालेला माल घ्यायचा नाही, लग्नात तो कुणाच्या तरी बोटाला लागतोच.

गोटीची बाटली हिराम कॉड या इंग्रजाची, १८७०च्या दशकातली रचना. आपल्याकडे ती अजून चालते, म्हणून सोलापुरात ती ‘अँटिक’ म्हणून विकत घेण्यात अर्थ नाही. पथारीवाल्यानं एका नगाचे २५० सांगितले. सोड्याच्या दुकानातून त्याच बाटल्या ४० ला एक अशा मिळाल्या.

२२ जानेवारी

निवड. एकेक नग उन्हात धरून फिरवायचा आणि कडेवरून नखाची पाठ फिरवायची. टवका डोळ्याआधी नखाला कळतो. चीर असेल तर बोटानं टिचकी मारल्यावर आवाज ‘टण्ण’ न येता ‘टक’ असा बसका येतो.

बाद: कडेचा टवका १९, चीर ९. आणखी ५ नग वासावरूनच बाद. त्यातल्या तीन कीटकनाशकाच्या निघाल्या. अशा बाटल्या धुवायच्याही नाहीत, थेट वेगळ्या पोत्यात. ‘धुतल्यावर जाईल वास’ असं कुणी म्हणालं तर ऐकायचं नाही. त्याच बाटलीत उद्या कुणी पाणी भरेल.

२५ जानेवारी, शनिवार

धुलाई. सोलापुरात हे काम पाण्यापासून सुरू होतं. नळाला रोज पाणी येत नाही आणि बोअरचं पाणी जड, वाळलं की काचेवर पांढरे ठिपके पडतात. म्हणून हिशोब आधी केला. भिजवायला आणि पहिल्या विसळणीला बोअरचं पाणी, शेवटच्या विसळणीला पिण्याच्या पाण्याचे २० लिटरचे जार. बोअरचं पाणी सुमारे ९०० लिटर लागलं, जार १४. भिजवणीचं पाणी दोन पिंपांत तीन खेपांना तेच वापरलं, नाहीतर दीडपट लागलं असतं.

५० लिटर कोमट पाण्यात १ किलो धुण्याचा सोडा. बाटल्या रात्रभर बुडवून ठेवल्या. सकाळी कागदी लेबलं हातानं सुटली. प्लास्टिकची चिकट लेबलं सुटत नाहीत. त्यांना खोबरेल तेल आणि खायचा सोडा समप्रमाणात कालवून लावायचा, अर्धा तास ठेवायचा आणि जुन्या एटीएम कार्डानं खरवडायचं. ब्लेड वापरायचं नाही, ओरखडा पडतो आणि आत दिवा लावला की तोच आधी दिसतो. काचेवर भाजून छापलेली अक्षरं, म्हणजे सोड्याच्या बाटल्यांवरची पांढरी छपाई, कशानंच जात नाही आणि काढूही नये. त्यातच गंमत आहे.

बरण्यांची ॲल्युमिनियमची झाकणं सोड्याच्या पाण्यात टाकायची नाहीत. आज कुणीतरी सहा टाकली. सकाळी ती काळी पडली होती आणि हाताला पूड लागत होती. झाकणं नुसत्या साबणानं धुवायची.

आतल्या घाणीला बाटलीत मूठभर तांदूळ, दोन चमचे खडे मीठ आणि अर्धा कप व्हिनेगर घालून हलवायचं. वाळू घालायची नाही, काच घासली जाते. गोटी सोड्याच्या बाटलीत तांदूळही नाही. दाणा गोटी आणि खाचेच्या मध्ये अडकतो, फुगतो आणि मग काही केल्या निघत नाही. तिथं फक्त मीठ आणि व्हिनेगर, ते विरघळून जातं.

पांढुरक्या थराचे दोन प्रकार असतात. पाण्याच्या क्षाराचा थर लिंबूसत्त्वानं जातो: लिटरला ५० ग्रॅम, दोन तास भरून ठेवायचं. दुसरा थर म्हणजे काचच आतून खराब झालेली. वर्षानुवर्षं ओल राहिली की काचेतला सोडा पाझरतो आणि पृष्ठभाग धुरकट होतो. ओली असताना अशी बाटली लख्ख दिसते, वाळली की पुन्हा धुकं. लिंबूसत्त्वानंतर पूर्ण वाळवून बघितल्याशिवाय फरक कळत नाही. अशा ८ निघाल्या, बाद.

शिल्लक २७१: तपकिरी ६८, पारदर्शक ४८, गोटी ३१, मोठ्या बरण्या ४२, लहान बरण्या ६२, औषध-दौती २०.

२६ जानेवारी

चार पारदर्शक बाटल्या तडकल्या. पहाटे गार पडलेल्या बाटल्यांत चुलीवरचं कढत पाणी ओतलं गेलं. साधी काच एकदम ४०-५० अंशांचा फरक सोसत नाही. जाड तळाची बाटली आधी जाते, कारण आतली बाजू फुगते आणि बाहेरची गारच राहते. चारही तळापाशी गोल चिरल्या. पाणी हाताला सोसेल इतकंच गरम ठेवायचं. पारदर्शक आता ४४, टेबलांना ४८ हव्यात.

बाकीचा माल क्रेटमध्ये उलटा लावून दोन दिवस उन्हात. आत थेंब राहिला आणि वर बूच बसलं की रात्री गारव्यानं बाटली आतून धुरकटते.

२८ जानेवारी

दिव्यांची चाचणी, अंधार पडल्यावर. बुचाला जोडलेली तांब्याच्या तारेची माळ घेतली: २ मीटर तार, २० दिवे, तीन बटण सेल. एकच माळ वेगवेगळ्या काचेत घालून दहा फुटांवरून बघितली.

पारदर्शक काचेत उत्तम. गोटीच्या बाटलीच्या हिरवट काचेत त्याहून छान, कारण गळ्याच्या खाचेत उजेड साठतो. त्या बाटलीत फुलाचं देठ जात नाही, गोटी वाटेत बसलेली असते आणि ढकललं तर देठ चिरडतं, पण तार गोटीच्या बाजूनं सरकते. तपकिरी काच अर्धाअधिक उजेड गिळते. जवळून निखाऱ्यासारखी सुंदर दिसते, लांबून जवळजवळ विझलेली. तिच्यात २० ऐवजी ४० दिव्यांची माळ हवी. निळ्या औषधाच्या बाटल्यांत पिवळसर दिवा घातला की रंग मरतो, मळका दिसतो. त्या दिव्याविनाच ठेवायच्या, मागून पांढरा उजेड द्यायचा.

सेलचा हिशोब: पाच तासांनी उजेड अर्ध्यावर आला, आठ तासांनी नुसती तांबूस धुगधुगी. स्वस्त पाकिटातला दहातला एक सेल मेलेलाच निघतो, म्हणून प्रत्येक माळ आधी लावून बघायची.

बटण सेल टेबलावरच्या कुठल्याही नगात वापरायचे नाहीत. लहान मुलानं सेल गिळला तर तो अन्ननलिकेत अडकून काही तासांत जाळतो. हे दिवे फक्त कमानीवर आणि स्टेजमागे. २३० व्होल्टची बाजारातली सिरीज माळ बाटलीत घालायचा हट्ट लाइटवाल्यानं धरला होता. त्या माळेला मेनपासून कसलाही आडोसा नसतो, आणि बाटलीत दव, पाणी, तारेची कड सगळंच येतं. नको म्हणून लिहून दिलं.

१ फेब्रुवारी, शनिवार

वधूकडच्या मावशींनी हरकत घेतली: ‘तपकिरी बाटली म्हणजे बिअरचीच की ओ, लेबल काढलं म्हणून काय झालं? दारातच बाटल्या टांगल्या म्हणतील.’ बरोबर आहे. आकार लपत नाही. पर्याय दोन होते: बाटल्या बदलायच्या किंवा आकार मोडायचा. एवढ्या एकसारख्या दुसऱ्या बाटल्या पंधरा दिवसांत जमणार नाहीत, म्हणून आकार मोडायचं ठरलं. गळ्यापासून खांद्यापर्यंत सूत गुंडाळायचं. चादरीच्या कारखान्यातून उरलेल्या कांड्या मिळाल्या: लाल, पिवळा, हिरवा, निळा, पांढरा. चादरीचे पाचही रंग दारावर आले आणि सोलापूरपणही आलं.

प्रमाण: तीन पदर एकत्र धरून सूत साधारण एक मिलिमीटर रुंद बसतं. गळ्याचा सरासरी घेर ९ सेंटीमीटर, गुंडाळी ८ सेंटीमीटर उंच, म्हणजे ८० वेढे आणि सुमारे ७ मीटर तीन पदरी सूत. ६० बाटल्यांना १,२६० मीटर सुटं सूत. वजनात हे शंभर ग्रॅमही भरत नाही. किलोभर आणलं ते केवळ रंग हवेत म्हणून.

फेविकॉल दोन भाग, पाणी एक भाग. पातळ हात ब्रशनं, दोन-दोन सेंटीमीटरच्या पट्ट्यात. सगळीकडे एकदम लावला तर खालचा पट्टा वाळून जातो. गुंडाळी वरून खाली. खांद्यावर उतार सुरू झाला की वेढे निसटतात, तिथं अंगठ्यानं दाबून चार वेढे घट्ट, मग पुढं. एका बाटलीला सहा-सात मिनिटं. सहा तास वाळवण.

आधी प्रत्येक कांडीचं सूत ओल्या पांढऱ्या फडक्यात पिळून बघितलं. चादरीच्या चांगल्या सुताचा रंग सुटत नाही. एका लाल कांडीनं फडकं गुलाबी केलं, ती बाजूला. दवानं असा रंग खाली ओघळला असता.

४ फेब्रुवारी, मंगळवार

बाजारातून दहा पारदर्शक बाटल्या आणखी घेतल्या, धुतल्या. आता साठा २७७.

बाद बाटल्यांपैकी दहा कापून दिव्याच्या चिमण्या करून बघितल्या. काच कापायच्या चाकानं एकच सलग रेघ, दुसऱ्यांदा फिरवायचं नाही. मग रेघेवर कोमट, गार, कोमट, गार पाणी. चौथ्या-पाचव्या फेरीला तळ आपसूक सुटतो. सहा नीट सुटल्या, चार वाकड्या गेल्या. जिथं रेघेची दोन टोकं जुळली नव्हती तिथूनच तडा बाहेर पळाला. कड १२० नंबरच्या वॉटर पेपरनं, मग २२०, मग ४००, सगळं पाण्याखाली. कोरडं घासलं तर काचेची पूड नाकात जाते. कड बोटाला गुळगुळीत व्हायला एका नगाला वीस मिनिटं. एवढ्या वेळात तीन बाटल्या गुंडाळून होतात. सहाच ठेवल्या, हिशोबाबाहेर.

८ फेब्रुवारी

टांगणीची चाचणी. सुतळीवर टांगलेली बाटली एका रात्रीत ६ मिलिमीटर सरकली. सुतळी दवानं फुगते, वाळताना सैल होते आणि काच गुळगुळीत असल्यानं गाठ खाली येते. सुतळी फक्त शोभेला. भार १८ गेजच्या जस्ती तारेवर.

तोंडाच्या जाड कडेखाली तारेचे दोन वेढे, पक्कडीनं चार पीळ. पाचवा पीळ दिला की तार तुटते. उरलेल्या टोकाची कडी वर घ्यायची. शिवाय दुसरी, थोडी सैल कडी स्वतंत्र तारेची. पहिली सुटली तरी बाटली तिच्यावर अडकते. एका बाटलीला १.२ मीटर, ६० बाटल्यांना ७२ मीटर. किलोला ही तार शंभर मीटरच्या वर येते, एक वेटोळं पुरलं. पिळाची टोकं आत वळवून सुताखाली दडवायची.

रिकामी बाटली वाऱ्यानं फार झुलते. तळाशी १०० मिली कोरडी वाळू घातली की शांत होते आणि तळातून येणारा उजेडही मऊ होतो. वाळूसकट एक नग ६६० ग्रॅम भरतो, एका बाजूच्या ३० बाटल्या २० किलो. प्रत्येक बाजूला दीड इंची तीन पाइप, एकावर दहा बाटल्या. शेजारच्या दोन बाटल्या एकाच उंचीवर ठेवल्या तर वाऱ्यात आपटतात. आज एक फुटली ती अशीच. आता लगतच्या बाटल्यांमध्ये पूर्ण एका बाटलीएवढा, म्हणजे ३० सेंटीमीटरचा, वर-खाली फरक.

बुचाचा दिवा टांगल्यावर चालू करायला शिडी लावून एकेक बटण दाबावं लागलं. साठांना दोघांना मिळून २५ मिनिटं. म्हणून पाइपवर एस हुक कायमचे बांधले. बाटली खाली चालू करायची आणि नुसती अडकवायची.

११ फेब्रुवारी

सजावटीची कणसं आली. मालदांडी ज्वारीची, मंगळवेढ्याच्या बाजूची, ४० सेंटीमीटर ताटासकट १२० नग. कापणी १ तारखेला करून घेतली होती, तेव्हापासून सावलीत जुडीनं उलटी टांगलेली. उलटं टांगलं नाही तर मान वाकते आणि वाळल्यावर सरळ होत नाही. दाणे गळू नयेत म्हणून एकास चार पातळ केलेला फेविकॉल पिचकारीनं उडवला. चिमण्यांनी तरी डाव साधलाच, वरच्या जुडीतली आठ कणसं मोकळी.

करडईची वाळलेली बोंडंही सुचवली होती. रंग देखणा, पण काटे फार. शालू अडकला तर धागा निघतो. फक्त स्टेजमागच्या वरच्या फळीवर.

ज्वारीची कणसं उघड्या ज्योतीपासून लांब. दिव्याच्या बरण्या आणि कणसं एकाच टेबलावर ठेवायची नाहीत.

१३ फेब्रुवारी

ज्योतीची चाचणी टी-लाइटवर, म्हणजे वाटीतल्या छोट्या मेणबत्तीवर. तोंड साडेपाच सेंटीमीटर असलेल्या मधाच्या बरणीत वीस मिनिटांत कड काळी झाली, हवा पुरत नाही. सात सेंटीमीटर तोंडाच्या बरण्यांत काजळी नाही. त्याच २४ टेबलांना. तळाशी दोन सेंटीमीटर वाळू, नाहीतर टी-लाइटच्या वाटीची धग थेट तळाला लागते. वाटेवरच्या मोठ्या बरण्यांत तीन सेंटीमीटर. सगळी मिळून वाळू ३५ किलोच्या आसपास, चाळून ताडपत्रीवर दोन दिवस वाळवलेली. ओलसर वाळूवर दिवा लावला तर बरणी आतून वाफाळते. आज तीन बरण्यांत तेच झालं.

रुखवत. इथं वेळ घालवला, कारण लोक फोटो इथंच काढतात. जुन्या बरणीत आधी काय होतं ते कुणालाच ठाऊक नसतं, म्हणून तिच्यात खायचा पदार्थ उघडा ठेवायचा नाही. कुरडया, सांडगे, शेंगाचटणी, बेसनाचे लाडू हे सगळं आधी नव्या पारदर्शक पिशवीत पक्कं बंद, पिशवीचं तोंड झाकणाखाली दडवायचं. हळकुंडं, सुपाऱ्या, बांगड्या आणि रंगीत सुताच्या कांड्या मोकळ्याच. किराणा दुकानातली तिरक्या तोंडाची बरणी मुद्दाम पुढच्या रांगेत, तोंड पाहुण्यांकडे. ती तशीच बघायची सवय आहे डोळ्यांना. मोठे लाडू १५ सेंटीमीटर व्यासाच्या बरणीत एका थराला पाच मावतात, सहावा बसवायला गेलं की फुटतो. शेंगाचटणी बरणीच्या वरपर्यंत भरायची नाही. तेल सुटून पिशवी काचेला चिकटते आणि बरणी कळकट दिसते. म्हणून मध्ये पुठ्ठ्याची नळी उभी करून भोवती चटणीच्या छोट्या पुड्या लावल्या.

१४ फेब्रुवारी

वाहतूक, छोटा हत्तीच्या दोन खेपा. बाटल्या २४ च्या क्रेटमध्ये, मोठ्या बरण्या जुन्या चादरींत गुंडाळून, दोन क्रेटच्या मध्ये चादरीची घडी. तरी दोन गेल्या, दोन्ही लहान बरण्या, कागदात गुंडाळून सुट्या ठेवलेल्या. काच काचेला लागली की कागद काही कामाचा नाही. साठा २७४.

१५ फेब्रुवारी, शनिवार

स्टेजमागच्या फळ्या उभ्या केल्या: आठ फुटी चार, प्रत्येकीच्या पुढच्या काठाला दोन सेंटीमीटर उंच पट्टी. डीजेवाल्यानं आवाज तपासला तेव्हा सगळ्या बाटल्या किणकिणल्या आणि दोन दौती पट्टीपर्यंत चालत आल्या. प्रत्येक नगाच्या तळाला दुहेरी फोम टेपचे दोन तुकडे लावले. किणकिण थांबली.

फळ्यांच्या मागे दीड फुटावर पांढरं कापड, त्याच्या मागे दिवे. समोरून दिवा मारला तर प्रत्येक बाटलीत एक पांढरा ठिपका येतो आणि फोटोत तेच दिसतं. फोटोग्राफरला बाजूनं उभं राहायला सांगितलं आहे.

दुपारी तीनला एका गोल बरणीत पाणी भरून ती झालरीपाशी उन्हात ठेवली गेली. अर्ध्या तासानं झालरीवर तपकिरी डाग. पाणी भरलेली गोल काच भिंगाचं काम करते. उद्या साडेपाचच्या आधी उघड्यावर कुठल्याही नगात पाणी नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

पहाटे फुलं: गुलछडी १६० काड्या, ॲस्टर २० जुड्या. बादल्यांत खोल पाण्यात, सावलीत, दुपारपर्यंत. देठ तिरपं कापायचं, पाण्याखाली येणारं प्रत्येक पान काढायचं. पान राहिलं की पाणी तीन-चार तासांत गढूळ होतं, आणि पारदर्शक बाटलीत ते झाकता येत नाही. झेंडू बाटलीत घातलाच नाही. देठाला वास फार येतो.

साडेपाचला पाणी: बाटलीत २५० मिली, पिण्याचं, लिटरला एक चमचा साखर आणि अर्धा चमचा व्हिनेगर. ४८ बाटल्यांना १२ लिटर. उंच बाटलीत गुलछडीच्या तीन काड्या, चौथी काडी गळ्यात घुसवली तर देठं चिरडतात. आखूड बाटलीत ॲस्टर. टेबलक्लॉथला सुरकुती असेल तर उंच बाटली डुलते, म्हणून प्रत्येक त्रिकुटाखाली चादरीच्या कापडाचा नऊ इंची चौकोन.

सव्वापाचपासून कमानीच्या बाटल्या चालू करून टांगल्या. ११ मिनिटांत साठ. सूर्यास्त साडेसहाच्या सुमारास, त्याआधी दिवे नीट दिसत नाहीत, पण अंधारात शिडीवर काच हाताळायची नाही म्हणून आधीच.

अक्षता ज्वारीच्या, कुंकवात रंगवलेल्या. विधीच्या मांडवातून उडून त्या वाटेवरच्या सहा बरण्यांत पडल्या. दोन ज्योती विझल्या. पुढच्या वेळी मांडवाजवळच्या शेवटच्या चार बरण्यांवर जाळीचं झाकण.

फुटलं ते असं: टेबलांवरच्या दोन उंच बाटल्या वाढप्याच्या हातानं, एक ॲस्टरची बाटली लहान मुलानं ओढून, वाटेवरच्या दोन बरण्या पायानं, स्टेजमागे एक. एकूण सहा. वाटेवरच्या दोन्ही पार्किंगच्या वळणावरच्या. तिथं दोन फूट आत घ्यायला हव्या होत्या.

काच उचलायचा डबा तीन ठिकाणी ठेवला होता: जाड हातमोजे, सुपली, झाडू, टॉर्च, ओलं वर्तमानपत्र आणि घट्ट कणकेचा गोळा. मोठे तुकडे हातमोज्यानं, बारीक झाडूनं, आणि शेवटी कणकेचा गोळा जमिनीवर दाबून फिरवायचा. गालिच्यातले डोळ्याला न दिसणारे कणही त्याला चिकटतात. टॉर्च जमिनीला टेकवून आडवा धरला की उरलेला कण चमकतो. गवतात मात्र कणीक चालत नाही. तिथं फुटली की वरचं गवत कात्रीनं कापून उचललं.

१७ फेब्रुवारी

उतरवणी सकाळी उजेडात. आधी सगळी बुचं काढून सेल वेगळ्या डब्यात. १८० सेल कमानीचे, बाकी स्टेजचे, मोजून. सेल कचऱ्यात जाणार नाहीत, ई-कचऱ्यात. मग तारा न कापता फक्त हुकावरून बाटल्या उतरवल्या, गळ्यातली कडी पुढच्या कामाला तशीच. फुलांची बाटली त्याच दिवशी रिकामी करायची. दोन दिवस राहिली तर आत हिरवट चिकट थर बसतो आणि पुन्हा मीठ-व्हिनेगर.

मोजणी: २७४ मधून फुटल्या ६. हाती २५९. नऊ कमी, त्यात सात दौती आणि दोन लहान औषधाच्या बाटल्या. खिशात मावणारं सामान स्टेजच्या खालच्या फळीवर ठेवलं होतं. दौती यापुढे सगळ्यात वरच्या फळीवर, करडईच्या काट्यांमागे.